कपाटाखालची अंगठी

दुपारी जेवून पेपर तपासायला बसलेल्या माणसाला दोन गोष्टी खाली खेचतात. एक पृथ्वी आणि दुसरी झोप. विज्ञानाचे सर दोघींच्या तावडीत सापडले होते. ‘सोने चुंबकाकडे आकर्षिले जाते. चूक की बरोबर?’ या प्रश्नाला एका मुलीनं ठसक्यात ‘बरोबर’ लिहिलं होतं. सरांनी जांभई देत लाल फुली मारली. पुढचा प्रश्न लंबकाचा होता. उगाच लहर आली म्हणून त्यांनी बोटातली अंगठी काढली, दोऱ्याला बांधली आणि खिडकीतल्या उन्हात झुलवत बसले.

अंगठी उन्हात यायची, चमकायची, सावलीत विरघळायची. उन्हाच्या पट्ट्यात धूळ तरंगत होती. तिला खाली पडायची मुळीच घाई नव्हती. आपणही असेच, बिनवजनाचे, बिनपेपरांचे... एवढ्यात हातातून दोरा सुटला. अंगठी टणकन पडली आणि घरंगळत लोखंडी कपाटाखाली गेली.

“अहो, कसला आवाज?” स्वयंपाकघरातून बायको.

“गुरुत्वाकर्षणाचा.”

“काय पाडलंत?”

“बाबांची अंगठी.”

आतली भांडी एकदम गप्प झाली. ती अंगठी सासऱ्यांनी लग्नात दिली होती. दर भेटीत ते ‘बघू बोट’ म्हणून तिची हजेरी घेत आणि ‘अस्सल सोनं आहे, जावईबापू, तुमच्या पगारात बसायचं नाही,’ हेही न चुकता ऐकवत. आज ते चहाला यायचे होते.

दोघांनी कपाट ढकललं. कपाट हललं नाही. बायको घामाघूम झाली.

“शास्त्रानुसार,” सर धापा टाकत म्हणाले, “वस्तू जागची हलली नाही, म्हणजे तू केलेलं कार्य शून्य.”

“आणि तुमचं?”

“माझंही शून्य.”

“ते मला लग्नापासून माहितीये.”

पेपरांवर वजन म्हणून ठेवलेला शाळेचा चुंबक तिनं उचलला आणि काठीला बांधला.

“अगं, सोन्याला चुंबक लागत नाही.”

“नसेना. त्यानं निदान ढकलता तरी येईल.”

काठी आत गेली. खाडकन आवाज झाला. चुंबक कपाटाच्या बुडाला चिकटला आणि ओढल्यावर काठी एकटीच बाहेर आली. त्याच क्षणी बेल वाजली.

“बघू बोट,” दारातूनच सासरे म्हणाले. सरांनी हात खिशात घातला. मग बायकोनंच सगळं सांगून टाकलं.

“व्हा बाजूला,” सासऱ्यांनी बाह्या सरसावल्या. “शिकलेली माणसं नुसती बोलतात.”

सासरे-जावयांनी कपाट मागे कलतं केलं. बायको वाकली. जमिनीवर एक कंगवा होता, पेनाची टोपणं होती, अंगठी नव्हती. मग तिनं मान वर केली.

अंगठी वर होती. चुंबकाला घट्ट चिकटलेली, पृथ्वीला न जुमानता. तिचा दोरा हवेत अलगद झुलत होता.

उन्हात पुन्हा धूळ तरंगू लागली. सासऱ्यांचे कान लाल झाले होते.

“जावईबापू,” ते इतक्या वर्षांत पहिल्यांदाच हळू बोलले, “सोनं चिकटतं ना हो चुंबकाला?”

बायको नवऱ्याकडे बघत राहिली. याच उत्तरावर सरांनी वीस वर्षं फुल्या मारल्या होत्या, आणि अशी संधी पुन्हा येणार नव्हती. पण झुलत्या दोऱ्याकडे पाहता पाहता त्यांना भलतंच दिसू लागलं. एका दुकानाची झगझगीत काच, आणि काचेबाहेर खिसा चाचपत उभा असलेला एक मुलीचा बाप.

“चिकटतं की,” सर म्हणाले. “चांगल्या प्रतीचं असलं तर.”

“मग! मी काय सांगत होतो?” सासऱ्यांचा आवाज जागेवर आला आणि पाठोपाठ कपाटही.

चहा झाला. सासरे गेले. सरांनी अंगठी बोटात घातली, त्या मुलीचा पेपर पुढे ओढला, फुली खोडली आणि पूर्ण गुण दिले.

“आणि ज्यांनी ‘चूक’ लिहिलंय, त्यांचं काय?” बायकोनं खांद्यावरून डोकावत विचारलं.

“त्यांनाही पूर्ण,” सर म्हणाले. “त्यांची लग्नं व्हायचीत अजून.”