खोक्यात हवा नको

“पॅकिंग माझ्यावर सोडा! टिटोंच्या हाताखाली शिकलोय मी!”

रमणने हे जाहीर केलं आणि स्नेहलताने डोक्याला हात लावला. टिटोंच्या हाताखाली आपला नवरा नेमकं काय शिकला, हे पापाटोएटो उपनगरातल्या त्या अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. खोका भरून झाला की टिटो कुंपणावरून हाक मारायचे, “रमण, ये, बस!” मग रमण खोक्याच्या झाकणावर बसायचा आणि टिटो चहूबाजूंनी टेप मारायचे. एवढंच!

टिटो म्हणजे शेजारचे नेस्टर, मूळचे फिलिपिन्सचे. त्यांच्याकडे काकाला टिटो म्हणतात. रमण आणि स्नेहलता पुण्याहून इथे परदेशात आले, तेव्हा पहिल्याच हिवाळ्यात हीटर बगलेत मारून, न बोलावता दारात उभे राहिले ते हेच. दिवसभर रेस्ट होममध्ये म्हाताऱ्यांचं सगळं करायचं आणि संध्याकाळी गराजमधला खोका भरायचा. परदेशी राहणाऱ्या फिलिपिनो माणसाचं अर्धं काळीज या खोक्यात असतं! वर्षभर थोडं थोडं भरायचं आणि नाताळाआधी बोटीनं घरी धाडायचं. साबण, चॉकलेटं, मटणाचे डबे, भाचरांचे टी-शर्ट. मावेल तेवढंच जाणार, म्हणून टिटोंनी पुतण्याला सायकलसुद्धा तुकड्यातुकड्यांनी पाठवली. एका नाताळाला हँडल, पुढच्याला चाकं! सायकल पुरी झाली तेव्हा पुतण्याला मिशा फुटल्या होत्या. स्वतः टिटो मात्र कधी गेले नाहीत. “नेक्स्ट ख्रिसमस!” म्हणायचे, आणि त्यांच्याऐवजी खोका जायचा.

नियम एकच. “खोक्यात हवा नको! हवा आईकडे भरपूर आहे!”

दोन हजार सहाच्या जुलैत टिटो वारले. खोका अर्धाच राहिला. त्यांची बायको लूझ गराजमध्ये पाऊल टाकेना. ऑक्टोबर निम्मा सरला, तरी खोका तसाच. तिकडे फिलिपिन्समध्ये, इलोइलोला टिटोंची म्हातारी आई. आधीच मुलगा गेलेला, त्यात नाताळात त्याचा खोकाही नाही? रमणला ते सहन होईना. कुंपणावरून हाक येत नाही, याचीच त्याला अजून सवय झाली नव्हती. म्हणून ती घोषणा!

शनिवारी लूझ ड्यूटीवर गेली आणि रमणने गराज ताब्यात घेतलं. स्नेहलताने दिवाळीचा चिवडा आणून दिला.

“हा घाला. टिटोंना आवडायचा, त्यांच्या आईंनाही आवडेल.”

चिवडा घातला. मॅगी घातली. मोजे कोंबले. तरी खोका हलवला की आत खडखड! रमणने इकडेतिकडे पाहिलं. गराजच्या दाराशी रबरी चपला, इथल्या भाषेत जॅन्डल्स, पडल्या होत्या. पट्टा एकीचा निळा, एकीचा हिरवा. फटीत अगदी चपखल बसल्या!

“अहो, चिवड्याशेजारी चपला?” स्नेहलता किंचाळली.

“पिशवीत घातल्यात! आणि जोडही नाही धड, कचऱ्यातच जाणार होत्या.”

“मग कचरा कशाला पाठवताय?”

“हवा जाऊ नये म्हणून!”

टेप मारली. कार्गोचा ट्रक आला, खोका गेला. रमण हात झटकत विजयी वीरासारखा बाहेर आला, तोच लूझची गाडी थांबली. ती दाराशी आली आणि तिथेच थबकली.

“नेस्टरच्या जॅन्डल्स कुठायत?”

रमणचा चेहरा पडला.

“दोन जोडांतली एकेक तुटली, म्हणून उरलेल्या दोन घालायचा,” लूझ म्हणाली. “मी हलवल्या नव्हत्या. दाराशी दिसल्या की वाटायचं, आत आहे तो.”

स्नेहलताने लूझच्या हातातली गाडीची चावी घेऊन नवऱ्याच्या हातावर आपटली. त्यामुळे रमण जास्तच घाबरला! त्याने लूझला गाडीत बसवलं आणि ओटाहुहूच्या कार्गो शेडकडे गाडी पिटाळली. तिथे छतापर्यंत खोकेच खोके. पण आपला ओळखायला वेळ लागला नाही. बाकीचे चौकोनी होते, रमणचा गोल झाला होता!

टेप कापली मात्र, खोका उसळलाच! साबण उडाले, मॅगी उडाली, पिशवी फुटून चिवडा शेडभर पसरला. फोर्कलिफ्टवाल्याने फोर्कलिफ्ट थांबवून पिशवीत उरलेला चिवडा आधी खाल्ला आणि मगच “घाई करा, कंटेनर बंद होतोय!” म्हणून ओरडला.

तळातून जॅन्डल्स निघाल्या. लूझने त्या छातीशी धरल्या. मग तिची नजर खोक्यावरच्या पत्त्यावर गेली, आणि जुलैनंतर पहिल्यांदाच ती हसली.

“इतकी वर्षं नेक्स्ट ख्रिसमस, नेक्स्ट ख्रिसमस करत राहिला,” ती म्हणाली, “आणि तू त्याला न विचारताच निघायला लावलंस!”

तिने हिरवी जॅन्डल खोक्यात परत ठेवली. निळी आपल्या पिशवीत घातली. “एक तिकडे, एक माझ्याकडे. तशाही त्या जोडीच्या नव्हत्याच.”

रमणच्या डोळ्यांना धारा लागल्या. तशा डोळ्यांनीच त्याने हाताला लागेल ते आत ढकललं, वर बसला, टेप मारली. कंटेनरचं दार लागलं. दोघं पार्किंगमध्ये आले. रमणने एक खिसा चाचपला. मग दुसरा. मग शर्टाचाही.

“लूझ,” तो म्हणाला, “गाडीची चावी...”

कंटेनर तेव्हा फाटकाबाहेर पडत होता!

दोघं रेल्वेने घरी आले. लूझ वाटभर हसत होती आणि डोळे पुसत होती.

नाताळच्या दिवशी इलोइलोहून फोन आला. बोलणं झाल्यावर लूझ जेवायला आलेल्या रमण-स्नेहलताकडे वळली.

“जॅन्डल पोचली. आईंनी दाराशी ठेवलीय,” ती म्हणाली. “आणि चावीही पोचली.”

“सॉरी हं, खरंच सॉरी!” रमण म्हणाला.

“त्या म्हणतात, नेस्टर तुकड्यातुकड्यांनीच पाठवतो. चावी आलीय, गाडी मागून येईल. एक चप्पल आलीय, दुसरीही येईल. थांबते मी.”

लूझ उठून गराजमध्ये गेली. परतली तेव्हा तिच्या हातात नवा, घडी घातलेला खोका होता.

“थांबते म्हणाल्यात, तर पाठवायला हवं.”

“हवंच!” रमण ताडकन उठला. “पॅकिंग माझ्यावर...”

“नको!” लूझ आणि स्नेहलता एकदमच ओरडल्या.

मग लूझने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “तू आपला वर बस.”