माझ्या बुटांवरची सरकारमान्य बुरशी

माणसाची प्रतिष्ठा डोक्यावरच्या पागोट्यावरून ठरते, ही समजूत जुन्या राज्यातली. इंग्रजी राज्यात ती पायांवरून ठरते. साहेबाच्या दरबारात देशी वहाणा बाहेर काढून सतरंजीवर बसावं लागतं. विलायती बूट घातलेल्याला मात्र बुटांसकट आत जाता येतं आणि वर खुर्ची मिळते. हा नियम अत्यंत न्याय्य आहे. (तेव्हा मला असंच वाटत होतं.)

तिकडे अमेरिकेत लढाई पेटून तिथला कापूस अडला आणि इकडे आमच्या वलगावचा कापूस सोन्याच्या भावानं जाऊ लागला. कुणी बैलांच्या शिंगांना चांदी चढवली, कुणी दुसरं लग्न केलं. मी, जानराव, गावात विचारी म्हणून प्रसिद्ध. मी अकोल्याच्या व्यापाऱ्याकडून बूट मागवले.

बूट उत्तम होते. फक्त ते पायात जात नव्हते. काळ्या मातीत अनवाणी चालून माझा पाय पुढे फाकला आहे, आणि विलायतेत बहुधा असे पाय करत नाहीत. दिवाळीनंतर अमरावतीला दरबार होता. तोवर पाय सरकारी मापाचे व्हावेत म्हणून मी त्यांना पट्टे आवळून बसू लागलो आणि बूट देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवले.

"हे घालासाठी आनले का पुजासाठी?" आमच्या कुटुंबानं, मनकर्णाबाईनं, विचारलं.

"तुले नाही समजाचं," मी म्हणालो. (मलाही समजत नव्हतं.)

पोळ्याच्या सुमारास बूट बाहेर काढले, तर त्यांच्यावर पीक आलेलं. डाव्यावर कापसासारखी पांढरी बुरशी, उजव्यावर हिरवट भुकटी, आणि दोन्हींच्या आत काळ्या डोक्यांचे बारीक केस ताठ उभे. मी धोतराच्या सोग्यानं पुसणार, एवढ्यात कापसाची पाहणी करायला आलेला साहेब दारात उभा राहिला. त्यानं टोपी काढली आणि गुडघे टेकले. माझ्यापुढे नव्हे, बुटांपुढे.

"हात लावू नका!" त्याचा मुनशी माझ्यावर ओरडला. "साहेब म्हणतात, तीन जाती तर आहेतच. चौथी निघाली तर नवीन असेल."

"पण हे हाय तरी काय?"

"झाडांतच मोडते म्हणतात. पण हिला पान नाही, फूल नाही, ऊनही नको. ज्याच्यावर बसते त्यालाच खाते, आणि धुळीसारखं बी उडवून पसरते."

ऐकता ऐकता मला पाय आवळून घरात बसलेला, उन्हात न जाता घरचंच खाणारा मीच दिसू लागलो. पण त्याचं साहेबाला कौतुक वाटेल अशी चिन्हं नव्हती. साहेबानं बूट मलमलीत गुंडाळले.

"अन् मी दरबारात काय घालू?" मी कळवळून विचारलं. मुनशीनं त्याचं इंग्रजी केलं. साहेब खूश होऊन माझा हात हलवू लागला. (मुनशीनं काय सांगितलं, ते आजवर कळलेलं नाही. मी बूट भेट दिले असावेत.)

दरबारात वहाणा बाहेर काढून मी सतरंजीवर बसलो. समोर साहेबाच्या उजव्या हाताला एक खुर्ची. तिच्यावर काचेचं झाकण, आणि झाकणाखाली माझे बूट. एकेक पाटील, देशमुख पुढे जाऊन त्यांना मुजरा करून येत होता.

"जानराव, तुमचेच ना ते?" शेजारचा उत्तमराव कुजबुजला. "नशीब काढलं बाप्पा तुमी!"

माझे पाय ठणकत होते. रडू येईल की काय, असं वाटलं. पण माझी पाळी आली तेव्हा मीही उठलो आणि कमरेत वाकून मुजरा केला. जवळून पाहिलं, तर हिरवी बुरशी डाव्या बुटावरही पोचली होती. तिचं चांगलं चाललं होतं.

पुढच्या पावसाळ्यात वलगावात लोकांनी बुरशी धरावी म्हणून ठेवणीतली पागोटी, खोगिरं ओलीत टांगली; एकानं तर लग्नातला शेलाही. सल्ल्याला सगळे माझ्याकडे येतात. मी देतो.

तुम्ही हसाल. खुशाल हसा. मग मोठ्या प्रसंगासाठी म्हणून तुम्ही जे काही जपून ठेवलं आहे, ते एकदा उघडून बघा. प्रसंग अजून आलेला नसेल; बुरशी आलेली असेल.