बर्वेकाकांची प्लास्टरची मंडळी

बर्वेकाका बाराव्या शतकातल्या संतांना थुंकी लावून पुसत. कापसाचा बोळा जिभेला लावायचा आणि बिशपच्या गालावरून फिरवायचा. "थुंकीसारखं क्लीनर नाही. म्युझियमवालेसुद्धा हेच करतात," म्हणत ते मला चहा देत. त्याच हातांनी.

अमेरिकेत, श्रूजबरीत ते आमचे शेजारी. जवळच्या एका कॉलेजने फ्रान्समधल्या चर्चच्या शिल्पांच्या जुन्या प्लास्टरच्या प्रतिकृती अडगळ म्हणून काढल्या, त्या काकांनी मिनीव्हॅनमधून घरी आणल्या. लोकांच्या बेसमेंटमध्ये पिंगपाँगचं टेबल असतं, काकांच्या बेसमेंटमध्ये ही 'मंडळी'. कुणी "पण कॉपीच ना?" म्हटलं की काका उसळत. "नक्कल आहे, पण शंभर वर्षांची! तुझ्या घरात शंभर वर्षांचं काय आहे?" आमच्या घरात सगळ्यात जुना डिशवॉशर होता.

एका संक्रांतीला काकूंनी बेसमेंटमध्ये हळदीकुंकू केलं. सगळ्या बायकांचं झाल्यावर त्यांनी कोपऱ्यातल्या प्लास्टरच्या बाईलाही ओलं कुंकू लावलं.

"अगं, ती संन्यासिनी आहे!" काका जिन्यावरूनच ओरडले.

"असू दे. हळदीकुंकवाला आलेल्या बाईचं कपाळ मोकळं कसं ठेवायचं?"

प्लास्टरने कुंकू पिऊन टाकलं. काकांनी आठवडाभर बोळे झिजवले आणि काकूंशी अबोला धरला. डाग काही जाईना.

गेल्या वर्षी काकू गेल्या. काकांना कायमचं आपल्याकडे न्यायला लांबच्या हर्नडनहून मुलगा आला. "बाबा, माझ्या टाउनहाउसमध्ये जागा नाहीये. ओन्ली वन, ओके?" बाकीची मंडळी एका आर्ट स्कूलला द्यायचं ठरलं. काका महिनाभर बेसमेंटमध्ये येरझारा घालत होते. बिशपवर त्यांचा भारी जीव, तेव्हा तोच जाणार यात मला शंका नव्हती.

निघायच्या दिवशी मी बिशपला उचलायला हात द्यायला गेलो. तो गॅरेजमध्येच, शाळेच्या ट्रकची वाट बघत उभा. गाडीत पुढच्या सीटवर, काकूंच्या जागी, संन्यासिनी बसली होती. तिला सीटबेल्ट लावला होता आणि प्रवासात काकू वाचून दाखवत तशा, कुठे वळायचं ते सांगणाऱ्या रस्त्याच्या प्रिंट्स त्या पट्ट्यात खोचल्या होत्या. मला हसू आवरेना.

"काका, तो डाग तेवढा पुसून देऊ का?"

"हात लावू नकोस!" काका केवढ्याने तरी ओरडले. मग गाडीत बसले, तिचा पट्टा उगाच नीट केला.

"नक्कल आहे रे ही," ते हळूच म्हणाले, "पण कुंकू अस्सल आहे. तिच्या हातचं."