कानाला लावलेली नळी

कान तपासणाऱ्या तपासनिसांनी रविवारी दुपारी ठरवलं, की गाडी गॅरेजला न्यायची नाही. दुखणं आपणच शोधायचं. (गॅरेजवाला चार दिवस ठेवून घेईन म्हणाला होता, आणि गाडीचे मूळ मालक, म्हणजे सासरे, आजच तिच्यातून फेरफटका मारायला येणार होते.)

गाडी बावीस वर्षांची. आधी मुलगी आणि मग गाडी, दोन्ही सासऱ्यांनी नीट सांभाळा असं बजावून यांच्या हवाली केलेल्या. गाडीला आता एक खोड लागली होती. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला तरी इंजिन शांत होईना. सिग्नलला उभी असतानाही ती शर्यतीला निघाल्यासारखी गुरगुरायची. शेजारचे स्कूटरवाले जरा बाजूला सरकायचे.

इंजिनातली एखादी रबरी नळी चिरली असेल, तिथून जास्तीची हवा आत जात असेल, असं तपासनिसांनी वाचलं होतं. चिरेपाशी बारीक सूं असा आवाज येतो म्हणे. आवाज म्हटलं की यांचाच प्रांत. अठरा वर्षं ते लोकांना काचेच्या खोलीत बसवून ‘ऐकू आलं की बटण दाबा’ सांगत आले होते. त्यांनी झाडांना पाणी घालायच्या पाइपचा हातभर तुकडा कापला (बायकोला न विचारता), एक टोक कानाला लावलं, दुसरं चालू इंजिनवर फिरवू लागले आणि डोळे मिटले.

सूं काही येईना. पण नळीतून समुद्राची गाज मात्र येत होती. पाठीवर उतरतं ऊन, समोरून ऊबदार वाफ. तपासनीस हळूहळू वाळूवर जाऊन पोचले. लाटा येत होत्या, जात होत्या. लांब एका नावेतून कुणी बाई हाक मारतेय असं वाटलं. त्यांनी तिला हात केला.

तो सासऱ्यांच्या पोटाला लागला.

सासरे मागे उभे होते, त्यांच्या मागे बायको. ती दहा मिनिटं खिडकीतून हाका मारत होती म्हणे. सासऱ्यांच्या दोन्ही कानांत ऐकण्याची यंत्रं होती, खुद्द जावयानेच बसवलेली. त्यांनी मान जरा तिरकी केली, इंजिनामागे हात घातला आणि एका नळीवर अंगठा दाबला. गाडी मांडीवर झोपलेल्या पोरासारखी शांत झाली.

“पार फाटकापासून ऐकू येतोय आवाज, जावईबापू,” ते म्हणाले.

“कसला आवाज?”

सासऱ्यांनी आपल्या एका कानातलं यंत्र काढून जावयाच्या कानात बसवलं आणि अंगठा उचलला.

सूं.

मग पत्र्यावर चिमणीची पावलं वाजली. वाळकं पान फरशीवरून घसरत गेलं. जग इतकं कुजबुजत असतं हे तपासनीस विसरूनच गेले होते. त्यांचे डोळे भरून आले.

तेवढ्यात मागून बायकोचा आवाज आला, स्पष्ट आणि अगदी जवळून. “वर्षभर सांगतेय बाबा, गाडी सूं करते म्हणून. हे ऐकतील तर शपथ.”

आणि वर्षभर तपासनीस दवाखान्यात सगळ्यांना सांगत होते, की आमची ही हल्ली फार समजूतदार झालीय, एका शब्दाने बोलत नाही.