खाली बसवलेली गाडी

कोंडीरामाने व्याह्यांना भर बैठकीत सांगून टाकलं, "नवरी आणायला तुमची गाडी नको. माझी चंद्रा बापाच्या गाडीतून येईल, आन् वेळेवर येईल."

धर्माजी व्याही म्हणाले, "बघा बरं."

त्या 'बघा बरं'नेच कोंडीराम पेटला. लोधिवलीच्या बौद्धवाडीतली ती पहिली गाडी. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर घेतलेली जुनी अँबॅसिडर. आई आनंदीबाईंचे गुडघे धरलेले, गाडीत चढताना पाय उचलेना, म्हणून त्याने मागच्या चाकांवरच्या कमानींतले, म्हणजे स्प्रिंगांतले, दोन-दोन पोलादी पाटे काढून गाडी खाली बसवली. मग वाडीच्या रस्त्यावरचे धोंडे गाडीच्या पोटाला लागू लागले. म्हणून भंगारातून मोठी चाकं आणून चढवली. गाडी परत पहिल्याइतकी उंच झाली, आणि आईचा पाय परत खालीच राहिला. तरी कोंडीराम खूश होता. रिकामी गाडी झकास पळत होती.

लग्नाच्या आदल्या दिवशी त्याने आईला आणि बायकोला, पारूबाईला, मागे बसवून फेरी मारली. पहिल्याच खड्ड्यात असा आवाज आला, जणू कोणी जात्यात पत्र्याचा डबा दळतंय. जळक्या रबराचा वास सुटला.

चौक गावचा पोपट मेकॅनिक गाडीखाली आडवा झाला. "काका, टायर मडगार्डला घासतोय. माणसं बसली की गाडी दबते. काढलेले पाटे परत घाला, मिटलं."

एवढंच ना, म्हणत कोंडीराम घरी आला. "पारू, पडवीतले पाटे कुठं हायत गं?"

"ते व्हय? लोहाराला दिले," पारूबाई म्हणाली. "कमानीच्या पाट्याचा कोयता लय टिकतो, सगळी आळी मागं लागली व्हती. आठ कोयते झाले. एक आपला."

"अगं, ती गाडीची कंबर व्हती."

"मंग? कोयता तरी कुठं लावत्यात? कंबरंलाच ना?"

पोपटने संध्याकाळपर्यंत ठोकून ठोकून मडगार्डची कड वर वळवली. टायर आणि पत्रा यांच्यात बोटभर फट पडली. "उद्या माणसं बेतानं बसवा," एवढंच तो म्हणाला.

सकाळी वाडीतली मंडळी ट्रकने खोपोलीला लग्नाच्या हॉलवर पुढे गेली. वधूपित्याने स्वतः गाडी हाकणं बरं दिसत नाही, म्हणून पोपट चालवायला आणि कोंडीराम कोट घालून त्याच्या शेजारी. मागे आनंदीबाई, पारूबाई आणि मधे चंद्रा. हायवेला लागतात तोच घर्रर्र झालं आणि चाकातून धूर आला.

पोपटने गाडी थांबवली. "टायर फुटला तर कोणीच पोचणार नाय."

"मी उतरतो," कोंडीराम म्हणाला. गाडी दहा पावलं गेली. घर्रर्र. सगळ्यांनी पारूबाईकडे पाहिलं.

"माझ्याकडं काय बगता? मी आई हाय तिची."

"आन् मी कोन हाय? उतरलोच ना?"

"मीच उतरते रं बाबा," आनंदीबाई म्हणाल्या. पण त्यांना सकाळी चढवायलाच चार माणसं आणि पाऊण तास लागला होता. शिवाय वजनाला म्हातारी पिसासारखी. पारूबाईने पदर खोचला आणि ती उतरली. गाडीने सुस्कारा सोडल्यासारखं अंग वर उचललं.

"आबा, तुमी कसे येनार?" चंद्राने खिडकीतून विचारलं.

"तू जा. आमी आलोच मागनं."

गाडी निघाली. कोंडीराम कान देऊन उभा राहिला.

"बघ, घासत नाय," तो म्हणाला. पारूबाईने येणाऱ्या एसटीला हात केला.

दोन एसट्या भरलेल्या होत्या, त्या थांबल्याच नाहीत. शेवटी गवताचा ट्रक मिळाला. दोघं गवतावर बसून खोपोलीत पोचली तेव्हा पाऊण वाजला होता. बाराला दुसऱ्यांचं लग्न असल्यामुळे हॉल रिकामा करून द्यायचा होता, कोणाला थांबता आलं नाही. त्रिशरण-पंचशील झालं होतं, हार घालून झाले होते. मागच्या मैदानात पंगती बसल्या होत्या.

व्याह्यांकडचा एक वाढपी कोंडीरामाच्या कोटावरचं गवत बघून म्हणाला, "गवतवाले का? बसा, बसा, जेवून घ्या. आज कोनाला उपाशी पाठवायचं नाय. नवरीची गाडी बघितली का बाहेर? अशी आली, आवाज म्हनून नाय. बाप मात्र कुठं गेलाय, कोनाला ठाव नाय."

"आसंल हितंच कुठंतरी," कोंडीराम म्हणाला, आणि त्याने पत्रावळ पुढे ओढली.