भवानीच्या आधी आकडा नाही

नाशिकच्या अंबडमधल्या कारखान्यातला इंजिनिअर धनराज २००८ साली जपानला गेला आणि त्याचा मोबाईल मखमलाबादला आईपाशी राहिला. तिकडे तो चालतच नव्हता, करणार काय? पण कारखान्याचा कॉम्प्युटर मुलखाचा संशयी! बाहेरगावाहून उघडायचा म्हटलं की त्याच मोबाईलवर सहा आकडे पाठवायचा. ते दोन मिनिटांत टाकले तर ठीक, नाहीतर बाद. तीनदा चुकलं की दिवसभर कुलूप.

आणि आता समोर जपानी साहेब घड्याळ बघत बसलेला. मशीनचं ड्रॉइंग पंधरा मिनिटांत दिसलं नाही, तर तो विमानतळावर जाणार आणि ऑर्डर दुसऱ्याला देणार. धनराजने टेबलावरच्या फोनवरून आईला तिच्या स्वतःच्या मोबाईलवर गाठलं. नाशकात सकाळचे साडेसहा; पुतळाबाई गणेशवाडीच्या फूलबाजारात पाटी मांडून बसली होती.

"आई, मेसेज आलाय बघ. आकडे सांग पटकन!"

"आलाय ना. पण अजून भवानी व्हायचीय."

"मग?"

"मग काय? पहिलं गिऱ्हाईक होईस्तोवर पाटीतलं फुकट काही जात नाय. तुझ्या बापाला कधी दिलं नाय."

"अगं, फुलं नकोत, आकडे हवेत!"

"तुझा मोबाईल कुठंय? पाटीतच ना?"

दोन मिनिटं सरली. धनराजने नवे आकडे मागवले, तेही सरले. पुन्हा मागवले. तिकडे एक बाई शेवंतीचा भाव करत होती.

"आई, देऊन टाक ती म्हणेल त्या भावात!"

"तू गप रे! पहिल्यालाच पाडून दिलं तर दिवसभर पाडूनच मागतील."

शेवटी सौदा पटला. पुतळाबाईने नोट कपाळाला लावली. "हां, घे आता!"

तिने आकडे सांगितले. चूक! पुन्हा सांगितले. पुन्हा चूक! आणखी एकदा चुकलं की दिवसभर कुलूप!

"आई, कुठले सांगतेयस?"

"आलेत तसे. आधीचा माल आधी काढायचा, ताजा मागं ठेवायचा. तीस वर्षं धंदा करतेय, मला शिकवतो?"

"आई गं! मी गिऱ्हाईक नाही, घरचा आहे!"

पलीकडे पुतळाबाईने जीभ चावली.

"अगं बाई! घरच्याला शिळं कसं देऊ? थांब, हा आत्ताच आलाय."

कॉम्प्युटर उघडला. ड्रॉइंग झळकलं. धनराज खुर्चीत अक्षरशः कोसळला. साहेब मात्र भारावून उभा राहिला.

"स्वतःच्या माणसालासुद्धा इतकं अडवलं! आमची गुपितं तुमच्याकडे सुखरूप राहतील. ऑर्डर तुम्हालाच. सुरक्षा विभागाच्या त्या बाईंना माझा नमस्कार सांगा."

धनराजने आईला ऑर्डर मिळाल्याचं सांगितलं, साहेबाचा नमस्कारही सांगितला.

"नमस्काराचं राहू दे," पुतळाबाई म्हणाली, "किती किलो पाहिजे ते विचार."