बहुमताचा पाऊस

कपिलीनं शाल खाल्ली तेव्हा गहिनीनाथच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. शालीचं काय एवढं? ती आष्टीकरांनी सत्कारात घातलेली. पण गाईवर शाल खायची वेळ यावी, आणि तीही पालीच्या दूध संस्थेच्या चेअरमनच्या गाईवर, म्हणजे हद्दच झाली.

"नारळ बी फोडून घाला आता तिला," छबुबाई म्हणाली. कपिली तिच्या माहेरची गाय. नवऱ्याची चेअरमनकी मात्र तिला कधीच पटली नव्हती.

सगळं बिनसलं ते उन्हाळ्यातल्या सभेपासून. आष्टीची दूध संस्था चारा मागायला आली होती आणि पालीकडं कडब्याची ही एवढी गंजी होती. द्यावी की राखावी? नेमके त्याच दिवशी हवामानाचे बद्रीनाथ साहेब व्याख्यानाला आलेले. ते म्हणाले, आपला पाऊस दूरच्या प्रशांत महासागरावरही अवलंबून असतो. तिकडचं पाणी फार तापलं की इकडं बहुतेक बोंब. आठ संगणकांनी हिशेब मांडलाय. सहा म्हणतात पाणी गार राहील, दोन म्हणतात तापेल.

"सहा इरुद्ध दोन!" गहिनीनाथ ताडकन उठला. "सहकारात बहुमत चालतं. देऊन टाका गंजी!"

"अहो, ती मतं नाहीत, अंदाज आहेत," साहेब ओरडत राहिले, पण टाळ्यांत ऐकतो कोण?

"आन् त्या दोघाचं खरं निघालं तर?" कायमचा विरोधक बंकट म्हणाला.

"अल्पमतात हायेत ते!"

मृग कोरडा गेला. आर्द्राही तशाच गेल्या. बिंदुसरा धरणाच्या तळाला भेगा पडल्या. दूध आटलं ते बरंच झालं, कॅन धुवायला तरी पाणी कुठं हाय, असं बंकट चावडीवर सांगत सुटला. गहिनीनाथ तोंड लपवत आष्टीला कडबा परत मागायला गेला. कडबा तिथल्या जनावरांनी कधीच संपवला होता. तरी माणसं लई भली. "तुमच्यामुळं आमची जनावरं जगली," म्हणत त्यांनी चहा पाजला आणि नारळ देऊन शाल घातली. कपिलीनं खाल्ली ती हीच.

शेवटी कपिलीला बाजारात न्यायचं ठरलं. टेम्पो यायच्या दिवशीच बद्रीनाथ साहेब पुन्हा आले आणि चेअरमनच्या अंगणात सभा बसली.

"चूक सापडली," साहेब म्हणाले. "संगणकातला समुद्र खऱ्या समुद्रापेक्षा गार निघाला. वारा पाण्याला ढकलतो, पाणी वाऱ्याला ओढतं. सुरुवातीला जरा चुकलं की एकाच्या नादानं दुसरं चुकत जातं."

"आमच्यासारखंच की," गहिनीनाथ म्हणाला. "ही बोलली की मी बोलतो, मी बोललो की ही."

"पण सहाच्या सहा कावून चुकले?" बंकटनं विचारलं.

"सहाही एकाच घडणीतले. एकाची खोट ती सगळ्यांची."

"म्हंजी भावकी! आपल्या संचालक मंडळावानी!"

गहिनीनाथला हे लागलं. तो साहेबांकडं वळला.

"साहेब, त्या संगणकात आपला बीड जिल्हा हाय का?"

"आहे ना."

"तितं पाऊस पडला?"

साहेबांना खोटं बोलवेना. "पडला. चांगला पडला."

"गवत बी आलं असंल."

"आलं असेल."

"मग आमची कपिली तितं सोडता येतीय का, तेवढं बघा."

कुणी हसलं नाही. बंकटनं जन्मात पहिल्यांदा चेअरमनच्या बाजूनं हात वर केला. मग एकेक करत सगळे हात वर गेले, आणि साहेबांचाही गेला. ठराव एकमतानं मंजूर झाला.

तेवढ्यात बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. छबुबाई डोळ्याला पदर लावून कपिलीचं दावं सोडायला उठली.